प्रतिक्रियाकाळ, 'ब्रेन ट्रेनिंग' आणि खेळाडूची कामगिरी : एक अभ्यास



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर आरोग्यविषयक एक अभ्यासलेख द्यावा, ही आपल्या न्यासाची प्रथा आहे. यंदाचा विषय नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे आणि तो निवडण्यास एक कारण घडले.

न्यासाच्या एका जुन्या देणगीदारांनी या वर्षी एक प्रस्ताव मांडला. जिल्ह्यातील होतकरू खेळाडूंसाठी रुग्णालयाच्या आवारात 'ब्रेन ट्रेनिंग'चे केंद्र उघडावे, त्यासाठी लागणारी संपूर्ण रक्कम ते देतील, असा तो प्रस्ताव होता. सोबत विक्रेत्याचे रंगीत माहितीपत्रक होते. पेटेल तो दिवा हाताने विझवावयाचा फलक, संगणकावरील खेळ, क्षणोक्षणी उघडझाप करणारे चष्मे असे ते साहित्य. काही आठवड्यांत प्रतिक्रियाकाळ घटेल आणि मैदानावरील कामगिरी वाढेल, असे आश्वासन त्यात ठळक अक्षरांत छापलेले होते. रक्कम लहान नव्हती, आणि देणाऱ्याची भावना तर त्याहून मोठी होती. विश्वस्त मंडळाने या विषयाचा अभ्यास करून टिपण सादर करण्याचे काम माझ्याकडे सोपविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मेंदू व मज्जासंस्था हा माझा विषय नव्हे. म्हणून उपलब्ध संशोधन वाचले, रुग्णालयातील डॉक्टर मंडळींकडून शंकांचे निरसन करून घेतले आणि मगच लेखणी हाती घेतली. तेच टिपण येथे विस्ताराने आपणांसमोर ठेवीत आहे.

देणगीदारांच्या उत्साहामागील कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे. मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत बुलढाण्याचा १९ वर्षांचा प्रथमेश जावकर याने कंपाउंड प्रकाराच्या अंतिम सामन्यात जगातील अव्वल क्रमांकाचा नेदरलँड्सचा माईक श्लोसर याच्यावर १४९-१४८ अशी मात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ओजस देवतळे, अभिषेक वर्मा आणि प्रथमेश यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २३५-२३० असे नमवून सुवर्णपदक मिळविले. त्याआधी २०१९ मध्ये चीनमधील चेंगडू येथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत बुलढाणा पोलीस दलाच्या मोनाली जाधव यांनी तिरंदाजीत सुवर्णपदक पटकाविले होते. आपल्या मातीतील मुले जगाच्या पहिल्या रांगेत उभी राहू शकतात हे दिसल्यावर, 'त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी आपण काय करू शकतो?' हा प्रश्न एखाद्या सहृदय माणसाच्या मनात उभा राहिला, तर त्यात नवल नाही. प्रश्न एवढाच, की त्याचे उत्तर त्या रंगीत माहितीपत्रकात आहे काय?

प्रतिक्रियाकाळ म्हणजे काय?

संकेत मिळाल्यापासून शरीराची हालचाल सुरू होईपर्यंत जो वेळ जातो, त्यास प्रतिक्रियाकाळ म्हणतात. त्याचा इतिहास एका माणसाची नोकरी जाण्यापासून सुरू होतो. इ. स. १७९६ मध्ये इंग्लंडमधील ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांनी आपला साहाय्यक किनेब्रुक यास कामावरून दूर केले. दुर्बिणीतून तारा विशिष्ट रेषेवरून सरकल्याची जी वेळ साहाय्यक नोंदवी, ती प्रमुखांच्या नोंदीपेक्षा सेकंदाच्या आठ दशांशाने मागे पडत असे. हा हलगर्जीपणाच आहे, असे ठरविले गेले. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी असे दाखवून दिले, की दोन निष्णात निरीक्षकांच्या नोंदींतही असा फरक पडतोच. म्हणजे दोष त्या साहाय्यकाच्या निष्ठेचा नव्हता; माणसामाणसांतील तो नैसर्गिक भेद होता. चार माणसांच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या माझ्यासारख्याने ही कथा विसरू नये.

इ. स. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून संदेशवहनाचा वेग मोजला. तोवर हा वेग मोजण्यापलीकडचा आहे अशी समजूत होती. प्रत्यक्षात तो सेकंदाला तीस मीटरच्या आतबाहेर निघाला. इ. स. १८६८ मध्ये हॉलंडमधील डॉन्डर्स यांनी आणखी एक पाऊल टाकले. एकच संकेत आणि एकच उत्तर असेल तर लागणारा वेळ, आणि अनेक संकेतांतून निवड करावयाची असेल तर लागणारा वेळ, यांची त्यांनी वजाबाकी केली. जी बाकी उरली ती निर्णयास लागणारी वेळ. इ. स. १९५२ मध्ये इंग्लंडमधील हिक यांनी पर्यायांची संख्या वाढली की निवडीचा वेळ ठरावीक प्रमाणात वाढतो, हे सिद्ध केले.

निरोगी तरुणाचा डोळ्यांनी पाहून दिलेल्या साध्या प्रतिसादाचा वेळ सेकंदाच्या सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश असतो. आवाजाला दिलेला प्रतिसाद याहून थोडा जलद असतो. या वेळात डोळ्यातील वा कानातील पेशी जागृत होणे, संदेश मेंदूपर्यंत जाणे, निर्णय होणे, आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचणे आणि स्नायू आकुंचन पावणे, एवढी कामे होतात. यांतील संदेशवहनाचा भाग शरीररचनेने बांधलेला आहे. तो सरावाने फारसा कमी होत नाही. सरावाला वाव आहे तो मधल्या निर्णयाच्या भागात. हा भेद ध्यानात ठेवल्यास पुढील सारा विषय सोपा होतो.

घरच्या घरी एक प्रयोग

तीस सेंटिमीटरची एक साधी पट्टी घ्यावी. एकाने ती वरच्या टोकाशी उभी धरावी. दुसऱ्याने खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, अंगठा व तर्जनी थोडी उघडी ठेवून बसावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी आणि दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. बोटे ज्या खुणेवर पडतील ती नोंदवावी. गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने हिशेब केल्यास १५ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाचे सुमारे १७५ सहस्रांश, २० सेंटिमीटर म्हणजे सुमारे २०० आणि २५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे २२५ सहस्रांश होतात.

हा खेळ दहा-वीस वेळा केल्यास आकडा थोडा उतरतो आणि मग एका जागी थांबतो. तुमचे मज्जातंतू त्या अर्ध्या तासात बदललेले नसतात. तुम्ही पट्टी पकडावयास शिकलेले असता.

आता दोघांच्या हाती दोन पट्ट्या द्याव्यात. सोडणाऱ्याने डावी किंवा उजवी यांपैकी कोणतीही एकच सोडावी आणि पकडणाऱ्याने त्याच बाजूचा हात मिटावा. आकडा लगेच वाढेल. ही निवडीची किंमत.

शेवटी, सोडणाऱ्याने दर वेळी 'एक, दोन, तीन' असे एकाच लयीत म्हणून पट्टी सोडावी. पकडणारा आता आश्चर्यकारक रीतीने लवकर पकडेल, कारण तो पट्टी सुटण्याची वाट न पाहता लय ओळखून आधीच निघतो. यास पूर्वानुमान म्हणावे. साधा प्रतिसाद, निवड आणि पूर्वानुमान या तीन गोष्टी पट्टीच्या या खेळात वेगळ्या दिसतात. मैदानावर मात्र त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि विक्रेत्यांची पत्रके त्या तिन्हींस 'रिफ्लेक्स' या एकाच नावाने संबोधतात.

मैदानावर प्रत्यक्षात काय घडते?

प्रथम धावण्याची शर्यत घेऊ. येथे साधा प्रतिक्रियाकाळ सर्वांत शुद्ध स्वरूपात दिसतो. बंदुकीच्या आवाजानंतर सेकंदाच्या एक दशांशाच्या आत निघालेला धावपटू नियमाने चुकीची सुरुवात केलेला ठरतो, कारण इतक्या लवकर खऱ्या अर्थाने 'ऐकून' निघणे शक्य नाही असे मानले जाते. २००९ साली बर्लिन येथे उसेन बोल्टने १०० मीटरचे अंतर ९.५८ सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. त्या वेळी त्याचा प्रतिक्रियाकाळ ०.१४६ सेकंद होता. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या टायसन गेचा ०.१४४, म्हणजे बोल्टपेक्षा सरस. सुरुवातीस गे पुढे होता दोन सहस्रांशांनी. शेवटी मागे पडला तेरा शतांशांनी. शर्यत पायांनी जिंकली, बंदुकीच्या आवाजाने नव्हे.

आता क्रिकेट. ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. त्यात पाहणे, ठरविणे आणि बॅट फिरविणे हे सर्व बसवावयाचे. तेव्हा थोर फलंदाजाचा प्रतिक्रियाकाळ आपणांहून कितीतरी कमी असणार, असे कोणासही वाटेल. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लिऑड यांनी १९८७ साली हे तपासून पाहिले. खेळपट्टीवरील चटईखाली लाकडी पट्ट्या ठेवून टप्प्यानंतर चेंडू अचानक दिशा बदलेल अशी व्यवस्था त्यांनी केली. त्या अनपेक्षित बदलास प्रतिसाद देण्यास व्यावसायिक फलंदाजांनाही सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागला, म्हणजे सर्वसामान्य माणसाइतकाच. पुढे २००० साली मायकेल लँड यांच्यासह केलेल्या अभ्यासात असे दिसले, की चांगल्या फलंदाजाची नजर चेंडूच्या मागे धावत राहत नाही. चेंडू हातातून सुटताना तो पाहतो आणि मग टप्पा जेथे पडणार तेथे नजर आधीच जाऊन थांबते. जितका फलंदाज कसलेला, तितकी ही उडी लवकर. श्रेष्ठत्व होते ते पूर्वानुमानात, आणि ते हजारो चेंडू खेळूनच आलेले होते. आपल्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर यष्टीवर नाणे ठेवीत आणि सचिन तेंडुलकर बाद न होता टिकला तर ते नाणे त्याचे होई, ही गोष्ट महाराष्ट्राने पुष्कळदा ऐकली आहे. त्या नाण्यासाठी सामोरे जावे लागे ते खऱ्या गोलंदाजाला आणि खऱ्या चेंडूला.

खो-खो हा तर आपला घरचा खेळ. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. या खेळात बसलेल्या गड्याला पाठीवर थाप व 'खो' ऐकून उठावयाचे असते, हा साधा प्रतिसाद झाला. पण पळणारा खांद्याने एकीकडे हुलकावणी देतो आणि पायाने दुसरीकडे निघतो. ही हूल ओळखणे हा खरा खेळ आहे, आणि ती ओळखली जाते पळणाऱ्याच्या कमरेवरून व पावलांवरून. फलकावरचा दिवा हूल देत नाही. म्हणून दिवे विझविण्यात पटाईत झालेली मुलगी हूल ओळखण्यातही पटाईत होईल, असे गृहीत धरता येत नाही.

राहिली तिरंदाजी, जिच्यामुळे हा सारा विषय निघाला. कंपाउंड प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ८ सेंटिमीटर. वैयक्तिक सामन्यात दोघे आळीपाळीने बाण सोडतात व प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात. पंधरा बाणांचे कमाल गुण १५०. त्यांपैकी १४९ मिळविणे म्हणजे पंधरांत एकदाच किंचित चुकणे. येथे कोणत्याही संकेतावर झडप घालावयाची नसते. आवश्यक असते ती स्थिर नजर, स्थिर श्वास, आणि आधीचा बाण विसरून पुढचा सोडण्याची वृत्ती. ज्या यशावरून प्रतिक्रियाकाळाचे यंत्र घेण्याची कल्पना सुचली, त्या यशात प्रतिक्रियाकाळाचा वाटा जवळजवळ नाही, हे टिपण लिहिताना प्रथमच माझ्या ध्यानात आले.

'ब्रेन ट्रेनिंग'विषयी पुरावा काय सांगतो?

मानसशास्त्रात ज्यास बोधनिक प्रशिक्षण म्हणतात, त्यात अवधान, स्मरण, निवड व निर्णयाचा वेग यांचा ठरवून केलेला सराव येतो. त्यासंबंधीचे प्रयोग थोडे नाहीत. त्यांतील काही प्रमुख पाहू.

२०१० साली इंग्लंडमध्ये ११,४३० व्यक्तींनी सहा आठवडे संगणकावर असा सराव केला. ज्या खेळांचा सराव केला, त्यांत सर्वांची प्रगती झाली. मात्र सराव न केलेल्या, त्याच प्रकारच्या चाचण्यांतही तिचा लाभ दिसून आला नाही. २०१६ साली डॅनियल सायमन्स व सहकाऱ्यांनी, कंपन्या आपल्या दाव्यांच्या पुष्टीसाठी जे अभ्यास पुढे करीत, ते सर्व तपासून एक विस्तृत परीक्षण प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा, की ज्याचा सराव त्यात सुधारणा होते याचा भरपूर पुरावा आहे, जवळच्या कामांत सुधारणा होते याचा पुरावा कमी आहे, आणि दूरच्या, दैनंदिन कामांत सुधारणा होते याचा पुरावा फारच थोडा आहे. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने एका मोठ्या ब्रेन ट्रेनिंग कंपनीस तडजोडीपोटी २० लाख डॉलर भरावयास लावले. शाळा, नोकरी आणि खेळ यांतील कामगिरी सुधारेल, या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता, हा आक्षेप होता.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. माँट्रियल येथील संशोधकांनी २०१६ साली विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंना पडद्यावरील अनेक हलत्या गोळ्यांपैकी ठरावीक गोळ्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवण्याचा सराव दिला. त्या खेळाडूंचा चेंडू पुढे देण्याचा निर्णय सुधारला. परंतु चेंडू घेऊन पळणे व गोलावर मारणे यांत तशी सुधारणा झाली नाही, आणि खेळाडूंची संख्याही लहान होती. अशा निष्कर्षाला आशादायक म्हणावे. सिद्ध म्हणण्यास अजून अवकाश आहे.

तुलनेचा गट : हिशेबाची एक बाजू

हे अभ्यास वाचताना हिशेबनिसाच्या दृष्टीस एक गोष्ट खटकते. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठाच्या बेसबॉल संघाने दृष्टीचा विशेष सराव केला आणि त्या हंगामात संघाची फलंदाजीची सरासरी ०.२५१ वरून ०.२८५ वर गेली, असा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. आकडा खरा आहे. पण त्याच काळात खेळाडू एक वर्षाने मोठे झाले, त्यांनी नेहमीचा सरावही केला आणि समोरचे गोलंदाजही बदलले. सराव न दिलेला दुसरा गट त्यांच्या शेजारी नव्हता. अशा वेळी सगळी वाढ एकाच खात्यावर जमा करणे हा हिशेबाचा नियम नव्हे.

ऑस्ट्रेलियातील अबरनेथी व वुड यांनी २००१ साली हा नियम पाळला. दृष्टीच्या व्यायामांचे दोन गट, केवळ वाचन व चित्रफिती दिलेला एक गट आणि फक्त मैदानी सराव करणारा एक गट, असे चार गट करून त्यांनी चार आठवड्यांनी सर्वांची चाचणी घेतली. व्यायाम करणाऱ्या गटांची प्रगती इतरांहून अधिक नव्हती. पुन्हा पुन्हा तीच चाचणी दिल्याने आणि आपणांस काहीतरी विशेष मिळते आहे या भावनेने माणूस सुधारतो. ती सुधारणा खोटी नसते, पण तिच्यासाठी यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

मग उपयोग कशाचा होतो?

देणगीदारांसमोर हे मांडले तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे या मुलांसाठी आपण काहीच करायचे नाही?" त्यांचा प्रश्न रास्त होता. पुढील चार गोष्टी त्याचे उत्तर म्हणून लिहीत आहे.

पहिली, नजरेचे शिक्षण. कॅनडातील जोन व्हिकर्स यांनी नेमबाजी, गोल्फ, बास्केटबॉल अशा खेळांत दाखवून दिले, की निष्णात खेळाडूची शेवटची नजर लक्ष्यावर अधिक काळ व अधिक स्थिर टिकते. इंग्लंडमधील २०११ च्या एका प्रयोगात चांगल्या गोल्फपटूंना ही स्थिर नजर शिकविल्यावर, तुलनेच्या गटापेक्षा त्यांची प्रगती अधिक झाली व छिद्राजवळचे फटके फेरीमागे सुमारे दोनाने घटले. हेही बोधनिक प्रशिक्षणच होय; मात्र ते खेळाच्या आत राहून, खेळाच्याच साधनांनी दिलेले. पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो, असे सांगणाऱ्या अर्जुनाची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली, त्यांना हे सहज पटेल.

दुसरी, झोप. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अकरा बास्केटबॉलपटूंनी पाच ते सात आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहण्याचा नेम केला. त्यांचा धावण्याचा वेळ, चेंडू टाकण्याची अचूकता आणि प्रतिक्रियाकाळ या तिन्हींत सुधारणा झाली, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. येथेही तुलनेचा गट नव्हता, हे वरील न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु झोप कमी झाल्याने प्रतिक्रियाकाळ वाढतो, याचे पुरावे विपुल आहेत. २००० सालच्या एका अभ्यासात सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाची काही चाचण्यांतील कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी वा त्याहूनही वाईट झाली. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ताशी १२० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात ३३ मीटर पुढे गेलेली असते. तेव्हा हा मुद्दा केवळ खेळाडूंचा राहत नाही.

तिसरी, डोळ्यांची तपासणी. ज्या मुलाला चेंडू मुळातच पुसट दिसतो, त्याला निर्णयाचा वेग शिकवून काय लाभ? चष्मा लागला असल्याचे वर्षानुवर्षे कळत नाही, हे आमच्या नेत्र विभागातील सहकारी नेहमी सांगतात.

चौथी, रक्त. गतवर्षी बाह्यरुग्ण विभागात एक माता आपल्या मुलीस घेऊन आली. मुलगी शाळेच्या खो-खो संघात होती. पूर्वी ती चपळ होती, पण अलीकडे 'खो' मिळाल्यावर उठण्यास तिला उशीर होऊ लागला होता. एका शिकवणीवर्गाने एकाग्रता वाढविण्याचा वेगळा अभ्यासक्रम सुचविला होता व त्याची फी भरण्यासाठी आईने कानातले गहाण ठेवण्याची तयारी केली होती. तपासणीत मुलीस रक्तक्षय निघाला. गोळ्या, आहार आणि जंतांचे औषध एवढ्यावर काम भागले. कानातले कानातच राहिले.

ही घटना अपवादात्मक नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाने दम कमी होतो हे सर्वज्ञात आहे. बुद्धीच्या वेगाशी असलेला त्याचा संबंध मात्र कमी लोकांना ठाऊक असतो. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण स्त्रियांना लोहाच्या किंवा तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या देण्यात आल्या. ज्यांचे हिमोग्लोबिन सुधारले त्यांनी बुद्धीच्या चाचण्या अधिक वेगाने पूर्ण केल्या. लोहाची गोळी हे काही आठवड्यांत गुण देणारे, अत्यल्प किमतीचे 'ब्रेन ट्रेनिंग' आहे. मात्र तिचे माहितीपत्रक कोणी रंगीत छापीत नाही.

ज्येष्ठ नागरिक आणि रुग्ण यांच्याविषयी

हा लेख वाचून कोणाचा गैरसमज होऊ नये, म्हणून दोन शब्द. वाढत्या वयात प्रतिक्रियाकाळ हळूहळू वाढतो. अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ व्यक्तींना स्मरण, तर्क किंवा दृष्टीचा वेग यांपैकी एकेका गोष्टीचे सुमारे दहा सत्रांचे प्रशिक्षण देण्यात आले. प्रत्येक गटाची प्रगती मुख्यतः आपापल्याच विषयात झाली. तर्क आणि वेग यांतील लाभ दहा वर्षांनंतरही काही प्रमाणात टिकून होता, आणि या दोन गटांत स्वतःच्या चुकीने झालेले मोटार अपघात कमी आढळले. म्हणजे वयस्करांसाठी असा सराव निरर्थक नाही. तसेच अर्धांगवायू किंवा डोक्यास मार लागल्यानंतर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिले जाणारे उपचारात्मक प्रशिक्षण हा वेगळा विषय आहे. तेथे गमावलेली क्षमता परत मिळवावयाची असते आणि तो सराव रुग्णाच्या रोजच्या कामांशी जोडलेला असतो. नातेवाइकांनी तो मध्येच सोडू नये.

आणखी एक विनंती. हळूहळू आलेला मंदपणा आणि एकाएकी आलेला मंदपणा यांत मोठा भेद आहे. चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णास रुग्णालयात आणावे. रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

पालकांनी विचारावयाचे प्रश्न

कोणताही वर्ग अथवा यंत्र आपल्या पाल्याच्या चपळाईसाठी सुचविले गेल्यास चार प्रश्न अवश्य विचारावेत. सुधारणा मोजली ती यंत्रावर की मैदानावर? तेवढाच वेळ नेहमीचा सराव करणाऱ्या मुलांशी तुलना केली आहे काय? ज्यांनी अभ्यास केला त्यांचा विक्रीत वाटा आहे काय? आणि मुलाचे डोळे, रक्त व झोप आधी तपासली आहे काय? गेल्या दशकात मेंदूचा मधला भाग जागृत करून डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुले वाचू लागतात, असे सांगणारे वर्ग आपल्या राज्यातही निघाले होते. पट्टीच्या खालून, नाकाच्या कडेने दिसणारी फट अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी उघडकीस आणली. पहिला प्रश्न विचारणारे पालक तेव्हा अधिक असते, तर पुष्कळ घरांचा पैसा वाचला असता.

प्रस्तावाचे पुढे काय झाले?

विश्वस्त मंडळापुढे टिपण ठेवताना हे साहित्य निरुपयोगी आहे असे मी लिहिले नाही; पुरावा तेवढे म्हणू देत नाही. मैदानावरील लाभ सिद्ध झालेला नाही आणि त्याच रकमेत ज्यांचा लाभ सिद्ध आहे अशी कामे करता येतात, एवढेच लिहिले. देणगीदारांनी ते दोनदा वाचले. त्यांची प्रथम निराशा झाली, हे मी लपवीत नाही. ज्याला मुलांच्या हाती चकाकणारे काही ठेवावयाचे होते, त्याला रक्ततपासणीच्या नळ्या दाखवाव्या लागणे, हे प्रशासकासही सुखाचे नसते. अखेर त्यांनीच सुचविले, की रक्कम न्यासाकडेच राहावी आणि तीतून जिल्ह्यातील शाळांच्या संघांतील खेळाडूंची नेत्रतपासणी, रक्ततपासणी, चष्मे व औषधोपचार व्हावेत. विश्वस्त मंडळाने यास मान्यता दिली आहे. मुलामुलींची नावे गुप्त ठेवून, तपासणीपूर्वीचे व नंतरचे आकडे आम्ही पुढील अहवालात देऊ. ते अपेक्षेपेक्षा कमी निघाले तरी देऊ.

ग्रीनिचच्या त्या साहाय्यकाला कामावरून काढण्यापूर्वी त्याची बाजू कोणी मोजून पाहिली नाही. आपल्या एखाद्या मुलीला 'मंद' म्हणण्यापूर्वी, अथवा तिच्या आईचे कानातले गहाण पडण्यापूर्वी, मोजून पाहण्याचे काम या रुग्णालयाचे आहे. आपण दिलेला प्रत्येक रुपया त्यासाठीच आहे, याची नम्र जाणीव ठेवून हा लेख आपल्या चरणी सादर करतो.